रिपोर्ट नॉर्मल, चार घासांत पोट गच्च: चिनी औषध घेऊन पाहावे का?

पत्राचा सारांश: सिंगापूरमध्ये नऊ वर्षांपासून राहणाऱ्या आणि एका बँकेत नोकरी करणाऱ्या ४३ वर्षांच्या वाचक भगिनीने हा प्रश्न विचारला आहे. सुमारे दोन वर्षांपासून त्यांना अर्धी पोळी खाल्ली तरी पोट गच्च वाटते, पोटाच्या वरच्या भागातला जडपणा दोन-तीन तास जात नाही आणि ढेकरा येत राहतात. सव्वा वर्षापूर्वी एंडोस्कोपी झाली, ती नॉर्मल आली. हेलिकोबॅक्टर पायलोरी या जंतूची तपासणीही निगेटिव्ह होती. आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या आठ आठवडे घेऊन फारसा फरक पडला नाही. डॉक्टरांनी ‘फंक्शनल डिस्पेप्सिया’ असे निदान लिहिले, आणि घरच्यांनी त्याचा अर्थ ‘काही झालेले नाही, सगळे मनाचे आहे’ असा घेतला. कार्यालयातील एक चिनी मैत्रीण त्यांना आपल्या नेहमीच्या चिनी वैद्यांकडे घेऊन गेली. वैद्यांनी जीभ पाहिली, दोन्ही मनगटांवर नाडी पाहिली, ‘तुमची प्लीहा दुर्बल आहे’ असे सांगितले आणि दोन आठवड्यांच्या पुड्या दिल्या. त्या पुड्या अजून कपाटात आहेत. पतीचे म्हणणे, घरचा आयुर्वेद सोडून चिन्यांचे औषध कशाला. सासूबाईंनी नाशिकहून पाठवलेले हिंगाष्टक चूर्ण रोज दोन वेळा चालू आहे, आणि घसा धरतो म्हणून ज्येष्ठमधाची काडीही. रक्तदाबासाठी एक गोळी आहे. पोटाच्या डॉक्टरांना सांगितले तर ते चिडतील, ही भीती. ‘कपडे सैल झाले, एवढाच काय तो फायदा,’ असेही त्या लिहितात. प्लीहेची सोनोग्राफी करावी का, पुड्या घ्याव्यात का, आणि ‘शेवटी झाडपालाच तो, तोटा तर नाही ना?’ असे त्यांचे प्रश्न आहेत.

आपल्या पत्रातील सर्वांत महत्त्वाचे वाक्य आपण गमतीने लिहून टाकले आहे, आणि मला उत्तराची सुरुवात तेथूनच करावी लागेल. कपडे सैल झाले, म्हणजे वजन किती कमी झाले? चार घासांत पोट भरणारी व्यक्ती कमी खाते आणि कमी खाल्ल्यामुळे तिचे वजन उतरू शकते. आपल्या बाबतीत बहुधा तसेच असेल. परंतु नकळत उतरलेले वजन, गिळताना अडकणे, काळी शौचाला होणे, वारंवार उलट्या, रक्तातील हिमोग्लोबिन घटणे किंवा घरात कोणाला जठराचा कर्करोग झालेला असणे, यांपैकी काहीही असले तर सव्वा वर्षापूर्वीचा नॉर्मल रिपोर्ट आजचा रिपोर्ट म्हणून धरता येत नाही. म्हणून कोणतीही पुडी फोडण्यापूर्वी वजनकाट्यावर उभे राहा, एंडोस्कोपीच्या वेळच्या कागदावर लिहिलेल्या वजनाशी ते ताडून पाहा आणि फरक आपल्या पोटाच्या डॉक्टरांना कळवा. पुन्हा तपासणी हवी की नको, हे ते ठरवतील. चिनी औषधाचा प्रश्न त्यानंतरचा आहे.

आता ‘मनाचे’ या शब्दाकडे येतो, कारण आपल्याला सर्वांत जास्त दुखावले आहे ते त्यानेच. एंडोस्कोपी जठराचे अस्तर दाखवते: व्रण, सूज, गाठ. जठर काम कसे करते, हे ती दाखवत नाही. निरोगी जठरात अन्न उतरू लागले की त्याचा वरचा भाग सैल पडतो आणि येणाऱ्या अन्नाला जागा करून देतो. फंक्शनल डिस्पेप्सियाच्या अनेक रुग्णांत हे सैल पडणे नीट होत नाही, म्हणून थोडेसे अन्नही खूप झाल्यासारखे वाटते. काहींमध्ये जठर रिकामे होण्यास वेळ लागतो. काहींमध्ये जठराच्या ताणाची जाणीव करून देणाऱ्या नसा अतिसंवेदनशील झालेल्या असतात, तर काहींमध्ये लहान आतड्याच्या आरंभीच्या भागात सौम्य दाह सापडतो. एखाद्या जोरदार जुलाब-उलटीच्या आजारानंतर हा त्रास सुरू झाल्याची उदाहरणेही पुष्कळ आहेत. मेंदू आणि आतडे यांच्यातील संदेशांची ये-जा दोन्ही बाजूंनी चालते, त्यामुळे चिंतेने त्रास वाढतो हे खरे, पण त्रासाने चिंता वाढते हेही तितकेच खरे. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘रोम ४’ या अशा पोट-आतड्यांच्या विकारांसाठीच्या आंतरराष्ट्रीय निकषांत या आजाराची रीतसर व्याख्या आहे: जेवणानंतरचा त्रासदायक भरलेपणा, लवकर पोट भरणे, पोटाच्या वरच्या भागात दुखणे किंवा जळजळ, यांपैकी निदान एक लक्षण गेले तीन महिने असावे, सुरुवात किमान सहा महिन्यांपूर्वीची असावी, आणि तपासणीत त्याचे कारण ठरेल असा दुसरा आजार सापडू नये. आपले वर्णन त्यातील ‘जेवणानंतरच्या त्रासा’च्या प्रकारात बसते. आम्ल कमी करणाऱ्या गोळ्यांचा आपल्याला फारसा उपयोग झाला नाही, याचे नवल वाटू नये. आपल्या लक्षणांच्या मुळाशी बहुधा आम्ल नाहीच.

चिनी वैद्यांनीही, आपल्या परिभाषेत, जवळपास याच लक्षणसमूहाकडे पाहिले आहे. जेवणानंतर छातीखाली काहीतरी कोंडल्यासारखे वाटणे ही चिनी वैद्यकातील फार जुनी तक्रार आहे, आणि तिच्यावर एकच एक औषध नसते. जीभ, नाडी, शौच, झोप, मनःस्थिती पाहून वैद्य रुग्णाचा ‘प्रकार’ ठरवतात. ‘प्लीहा दुर्बल’ हा अशाच एका प्रकाराचा उल्लेख आहे. त्यांच्या शास्त्रात प्लीहा म्हणजे अन्नाचे पचन आणि पोषण पोहोचवणे या सगळ्या कार्याचे नाव, बरगड्यांखालच्या त्या अवयवाचे नव्हे. त्यामुळे केवळ या वाक्यासाठी सोनोग्राफी करू नका.

पुड्यांवरची नावे आपल्या मैत्रिणीने वाचून दाखवली आणि आपण ती लिहून पाठवली, हे फार चांगले केले. पहिले नाव ‘श्यांग-शा-ल्यू-च्युन-त्झ’ या कल्पाचे, म्हणजे अनेक औषधींच्या ठरलेल्या मिश्रणाचे आहे, ज्याचा शब्दशः अर्थ साधारणपणे ‘कोष्ठ आणि वेलदोड्यासह सहा सज्जन’ असा होईल. सौम्य स्वभावाची औषधे म्हणून त्यांना सज्जन म्हटले. त्यात जिनसेंग किंवा त्याऐवजी तांग-शेन नावाचे मूळ, पाय-चू हे कंदासारखे मूळ, पाइनच्या मुळांवर वाढणारी फू-लिंग ही बुरशी, ज्येष्ठमध, संत्र्याची वाळवून जुनी केलेली साल आणि पान-श्या नावाचा कंद असतो. हा कंद कच्चा असताना विषारी असतो, म्हणून आले वगैरे वापरून त्यावर संस्कार करावे लागतात. याशिवाय शा-रेन, म्हणजे वेलदोड्याच्या कुळातील एक सुगंधी बी, आणि मु-श्यांग. हे मु-श्यांग म्हणजे आपल्याकडच्या काष्ठौषधींच्या दुकानातले कोष्ठ. ते मूळचे हिमालयातले. काश्मीर आणि लाहौलच्या उंच उतारांवर ते वाढते आणि शतकानुशतके ते व्यापारातून चीनमध्ये जात राहिले. आपल्या पतींच्या ‘चिन्यांचे औषध’ या आक्षेपाला एवढे उत्तर पुरे व्हावे.

याने गुण येतो का? चीनमध्ये झालेल्या चाचण्यांची संख्या मोठी आहे आणि त्यांतील बहुतेक अनुकूल निष्कर्ष देतात, पण पुष्कळ चाचण्या लहान आहेत, काही केवळ दुसऱ्या औषधाशी तुलना करतात, आणि ज्या काढ्याला ठळक वास आणि चव आहे त्याची तुलनेसाठी लागणारी, औषध नसलेली हुबेहूब नकली पुडी बनवणे अवघड असल्यामुळे कोणाला खरे औषध मिळाले हे रुग्णाला आणि वैद्याला कळून जाते. त्यामुळे मी जास्त वजन जपानमधील चाचण्यांना देतो. जपानमध्ये याच सहा सज्जनांच्या कल्पाचे आले आणि चिनी बोर घातलेले रूप ‘रिक्कुन्शितो’ या नावाने कारखान्यात प्रमाणित करून बनवले जाते, डॉक्टर ते लिहून देतात आणि सरकारी आरोग्य विम्यात त्याचा समावेश आहे. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत २४७ रुग्णांना आठ आठवडे खरे किंवा नकली औषध दिले गेले; खऱ्या औषधाने सुमारे एक तृतीयांश लोकांना गुण आला, नकली औषधाने सुमारे एक चतुर्थांश लोकांना, आणि हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर ठाम ठरला नाही. २०१८ मधल्या पुढच्या चाचणीत मात्र रिक्कुन्शितो नकली औषधापेक्षा स्पष्टपणे सरस ठरले, आणि गुण आला तो मुख्यतः आपल्यासारख्याच तक्रारींना: जेवणानंतरचा भरलेपणा आणि लवकर पोट भरणे. यातून मी एवढाच निष्कर्ष काढतो की हा कल्प करून पाहण्याजोगा आहे, परिणाम मध्यम आहे, आणि पुष्कळांना काहीच फरक पडणार नाही. आपल्या पुड्यांत कोष्ठ आणि शा-रेन जास्तीचे आहेत, त्यामुळे जपानी निष्कर्ष जसेच्या तसे आपल्या पुडीला लावताही येत नाहीत. नकली औषधानेही चौघांतल्या एकाला बरे वाटते, हे लक्षात ठेवा. पहिल्या आठवड्यात हलके वाटले म्हणून वर्षभराच्या पुड्या विकत घेऊ नका.

‘शेवटी झाडपालाच तो’ या आपल्या वाक्याशी मात्र मला वाद घालावा लागेल. १९९० च्या दशकाच्या आरंभी ब्रुसेल्समधील एका वजन कमी करण्याच्या दवाखान्यात चिनी वनस्पती असलेल्या गोळ्या दिल्या गेल्या आणि शंभराहून अधिक जणांची, मुख्यतः स्त्रियांची, मूत्रपिंडे खराब झाली. त्यांपैकी अनेकींना पुढे मूत्रमार्गाचा कर्करोगही झाला. कारण होते नावातला सारखेपणा: एका निरुपद्रवी मुळाच्या जागी जवळजवळ त्याच नावाने विकली जाणारी अरिस्टोलोकिया कुळातील वनस्पती मिसळली गेली होती. आपल्या पुडीतल्या मु-श्यांगलाही असाच एक नावाचा भाऊ होता, छिंग-मु-श्यांग, तोही अरिस्टोलोकियाच. चीन सरकारने २००४ मध्ये त्याच्या औषधी वापराची मान्यता काढून घेतली. आणि आपल्या घरच्या बाजूने बोलायचे तर सापसण, जिला ईश्वरीही म्हणतात, ती त्याच कुळातली आहे. धोका देशाचा नसतो, वनस्पतीचा आणि हाताळणीचा असतो.

सिंगापूरमध्ये या बाबतीत आपण बऱ्यापैकी सुरक्षित आहात. तेथे २००० साली झालेल्या कायद्याने चिनी वैद्यांना नोंदणी सक्तीची आहे, नोंदणीकृत वैद्यांची यादी कोणालाही पाहता येते, आणि तयार चिनी औषधांवर आरोग्यविज्ञान प्राधिकरणाची नजर असते. शिसे, पारा, आर्सेनिक यांच्या मर्यादा ठरलेल्या आहेत आणि अरिस्टोलोकिया वनस्पतींतील विषारी अरिस्टोलोकिक आम्लाला बंदी आहे. आपल्या वैद्यांचे नाव त्या यादीत आहे का, हे आधी पाहा. १८६७ मध्ये स्थापन झालेल्या थोंग चाय या संस्थेसारख्या जुन्या धर्मादाय दवाखान्यांत कोणत्याही वंशाच्या रुग्णाला तपासले जाते, तेव्हा दुसरे मत हवे असल्यास आपण परक्या आहोत असे वाटून घेण्याचे कारण नाही.

आपल्यापुरता खरा धोका पुडीतल्या घटकांपैकी सर्वांत ओळखीच्या वस्तूत आहे, आणि ती म्हणजे ज्येष्ठमध. ज्येष्ठमधातील ग्लिसिरायझिन शरीरात असा परिणाम घडवते की मूत्रपिंडे मीठ आणि पाणी धरून ठेवतात आणि पोटॅशियम बाहेर टाकतात. रक्तदाब चढतो, घोट्यांवर सूज येते, आणि पोटॅशियम फार उतरले तर स्नायू गळतात आणि हृदयाचे ठोके चुकतात. रक्तदाबाच्या गोळीच्या वेष्टनावरून आपण जी दोन नावे उतरवून पाठवली आहेत, त्यांतले दुसरे, हायड्रोक्लोरोथायझाइड, हे लघवी वाढवणारे औषध आहे आणि तेही पोटॅशियम कमी करते. म्हणजे गोळी, घशासाठी रोज चघळलेली काडी आणि आता पुडी, असे तीन स्रोत एकाच दिशेने ओढू लागतील. त्यात हिंगाष्टकातले सैंधव: ते मीठच आहे, रक्तदाबाच्या रुग्णाने त्याला सूट देऊ नये. ज्येष्ठमधाची काडी तर आजच बंद करा. चिनी वैद्यकाची एक मोठी सोय अशी की वैद्य कल्पात व्यक्तीप्रमाणे बदल करतात, तेव्हा रक्तदाबाच्या गोळीचे नाव वैद्यांना स्पष्ट सांगा आणि ज्येष्ठमध वगळता येईल का, असे विचारा. हाती असलेल्या पुड्या ठराविक मिश्रणाच्या असतील तर त्या परत करा, पैसे गेले तरी हरकत नाही.

आयुर्वेदाविषयी थोडे. पतींना वाटते की चिनी औषध घेणे म्हणजे घरच्या परंपरेकडे पाठ फिरवणे, आणि सासूबाईंनी प्रेमाने पाठवलेला डबा बाजूला ठेवणे आपल्यालाही जड जाते. ते मी समजू शकतो. पण हिंगाष्टक आपण सात-आठ महिने घेत आहात आणि आपल्याच शब्दांत ‘ढेकर सुटतो, बाकी जैसे थे’. जे चूर्ण आठ महिन्यांत उपयोगी पडले नाही, ते नवव्या महिन्यात निष्ठा म्हणून घेत राहण्यात कोणाचाच सन्मान नाही. एकाच वेळी दोन परंपरांची औषधे घेतली तर मात्र गुण कशाने आला आणि अपाय कशाने झाला, हे कोणालाच सांगता येणार नाही. नवा प्रयोग करायचा तर जुने थांबवा. सासूबाईंना खरे कारण सांगा, की रक्तदाबामुळे सैंधव कमी करायचे आहे.

प्रयोग करायचाच तर तो बेतशीर करावा. आधी पोटाच्या डॉक्टरांची भेट, वजनाचा हिशेब, आणि रक्तातील पोटॅशियम, क्रिएटिनिन व यकृताच्या तपासण्या. त्यानंतर तीन आठवडे कोणतेही नवे औषध न घेता रोज रात्री एका वहीत तीन गोष्टी लिहा: किती घासांनंतर पोट भरले, जडपणा किती वेळ राहिला, आणि शून्य ते दहामध्ये त्रास किती. मग औषध सुरू करा, बाकी काहीही न बदलता, आणि वही चालू ठेवा. दोन आठवड्यांनी पुन्हा पोटॅशियम तपासा आणि घरी रक्तदाब मोजत राहा. चार आठवड्यांनंतर वहीत काहीच हलले नसेल तर औषध बंद करा. थोडा फरक असेल तर आठ आठवड्यांपर्यंत न्या, आणि त्यापुढे चालू ठेवायचे की नाही ते वहीवरून ठरवा, वैद्यांच्या उत्साहावरून किंवा पतींच्या नाराजीवरून नव्हे. पाय सुजणे, स्नायूंत अशक्तपणा, छातीत धडधड, अंगावर पुरळ, गडद लघवी किंवा डोळ्यांत पिवळेपणा दिसला तर त्याच दिवशी औषध थांबवून डॉक्टरांना गाठा. ज्या वाचकांना रक्त पातळ करणारे वॉरफरिन किंवा हृदयासाठी डिगॉक्सिन चालू आहे, त्यांनी हा प्रयोग डॉक्टरांच्या संमतीशिवाय मुळीच करू नये. गरोदर किंवा स्तनपान देणाऱ्या स्त्रियांनीही नाही.

डॉक्टर चिडतील या भीतीविषयी एवढेच सांगतो: सिंगापूरमधील डॉक्टरांचे अनेक रुग्ण चिनी वैद्यांकडेही जातात, हे त्यांना ठाऊक असते. ‘मी हे घेऊ का?’ असे विचारण्याऐवजी ‘मी हे घेण्याचा विचार करते आहे, माझ्या गोळ्यांशी याचे जमेल का?’ असे विचारा आणि पुड्यांवरच्या लेबलांचे फोटो पुढे करा. त्याच भेटीत हेही विचारा की आपल्या प्रकारासाठी त्यांच्याकडे आणखी काय आहे. जठराची हालचाल सुधारणारी औषधे आहेत. जपानमध्ये २०१३ पासून वापरात असलेले अ‍ॅकोटियामाइड हे खास याच आजारासाठी बनवलेले आहे, भारतातही मिळते. काही रुग्णांना नैराश्यावरची औषधे अगदी कमी मात्रेत दिली जातात. त्यांचा उद्देश जठर आणि मेंदू यांच्यातील वेदनेचे संदेश मंद करणे हा असतो, तेव्हा ती चिठ्ठी पाहून घरी ‘म्हणजे मनाचेच निघाले’ असे कोणी म्हणू लागल्यास हा परिच्छेद त्यांना वाचून दाखवा.

जेवणाबद्दल आपण एकच ओळ लिहिली आहे, पण ती पुरेशी बोलकी आहे: सकाळी फक्त चहा, दुपारी संगणकासमोर डबा, आणि रात्री साडेनऊनंतर ‘एकदाचे नीट’ जेवण. ज्या जठराला मोठा घास सामावून घेता येत नाही, त्याला आपण दिवसाचे सगळे अन्न रात्री एकदम देत आहात. सकाळी अर्धी वाटी उपमा किंवा मऊ भात, अकराच्या सुमारास एक केळे, डबा दोन भागांत, आणि रात्रीचे जेवण निम्मे करून साडेसात-आठच्या आत; तळलेले आणि जड तुपातले त्यातून वगळून. वही सुरू कराल त्या पहिल्याच आठवड्यात हा बदल करून घ्या आणि पुडीआधी त्यालाच आणखी दोन आठवडे द्या, म्हणजे श्रेय कोणाचे याचा गोंधळ होणार नाही.

शेवटी महाराष्ट्रातील आणि गोव्यातील वाचकांसाठी, कारण अशाच आशयाची पत्रे तेथूनही येतात. आयुष मंत्रालयाच्या कक्षेतील पद्धतींमध्ये चिनी वनौषधींचा समावेश नाही. महाराष्ट्रात २०१५ च्या कायद्याने अ‍ॅक्युपंक्चरला मान्यता मिळाली आहे, पण ती सुयांच्या उपचारपद्धतीला आहे, त्यामुळे अ‍ॅक्युपंक्चर करणाऱ्याने हातात ठेवलेली चिनी भुकटी त्या मान्यतेखाली येत नाही. ऑनलाइन मागवलेल्या, केवळ चिनी लिपीतील वेष्टनाच्या पाकिटात नेमके काय आहे हे तपासणारी यंत्रणा आपल्यापर्यंत पोहोचत नाही, आणि अशा पाकिटांत गुपचूप स्टेरॉइड किंवा वेदनाशामक मिसळलेले आढळल्याच्या घटना अनेक देशांत घडल्या आहेत. भारतात राहून हा कल्प करून पाहण्याचा सुरक्षित मार्ग सध्या तरी मला दिसत नाही. येथील वाचकांनी अंतर्वैद्यकाच्या किंवा पोटाच्या डॉक्टरांकडून हेलिकोबॅक्टरची तपासणी करून घ्यावी, साठी ओलांडल्यावर त्रास नव्याने सुरू झाला असेल तर एंडोस्कोपी टाळू नये, आणि आयुर्वेदाकडे जायचे असल्यास पदवीधर वैद्याकडे जाऊन चालू असलेल्या सर्व गोळ्यांची यादी पहिल्याच भेटीत समोर ठेवावी.